बोक्याची सर्दी जाईना, कोर्स संपला की परत तेच – जुनाट सर्दीवाली मांजरं सांभाळणाऱ्यांनी अनुभव लिहा

शुक्रवारपेठकर
नमस्कार मंडळी. आमचा खंड्या, बोका, चार वर्षाचा. २०२१ च्या पुराचं पाणी उतरल्यावर आमच्या बोळात सापडलेला, तेव्हा दोन्ही डोळे चिपडानं बंद आणि नाकातनं पिवळा शेंबूड. जगला, वाढला, वजन पण चांगलं हाय, पण सर्दी काय पाठ सोडंना. शिंकायला लागला की भिंतीवर शिंतोडे, झोपला की नाकातनं घुरघुर, पलीकडच्या खोलीत ऐकू येतंय. डॉक्टर अँटिबायोटिक देतात, चार-पाच दिवसात नाक सुटतंय, खायला लागतोय, आणि कोर्स संपला की आठवड्याभरात परत पहिल्यासारखंच. मला एवढंच विचारायचंय की हे कायमचं बरं होतंय का, आणि होत नसेल तर घरात नेमकं काय काय करायचं. आई म्हणती त्याला दमा झालाय. घरात दुसरी एक भाटी पण हाय, त्याच्याच ताटलीत खाती, तिला काय होत नाही हे पण समजंना. लसी दोघांच्या झाल्यात.

राजारामपुरी_माऊघर
दादा, पुरातलं पिल्लू आणि डोळे चिपडाने बंद म्हणजे अर्धं उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आहे. बहुतेक हर्पिस. मांजरांचा हर्पिस व्हायरस, माणसांचा नाही, आपल्याला लागत नाही, घाबरू नका. पण लगेच शिक्का मारायला नको, आधी हे बघून सांगा: शेंबूड एका नाकपुडीतून येतो का दोन्हीतून, कधी रक्ताचा अंश असतो का, आवाज नाकातला आहे का घशातला, चावताना डोकं तिरकं करतो का, तोंडाला घाण वास येतो का, नाकाचा वरचा भाग किंवा डोळ्याखालची बाजू सुजल्यासारखी दिसते का, कान सारखे झटकतो का. आणि वर्षात कुठल्या दिवसांत वाढतं ते पण आठवून लिहा, त्यातून खूप कळतं.

शुक्रवारपेठकर
ताई, दोन्ही नाकपुड्यांतनं येतो, सकाळी उठल्यावर घट्ट पिवळट आणि दिवसा पातळ. रक्त कधी बघितलं नाही. उजव्या डोळ्यातनं पाणी कायम, त्याची तपकिरी रेघ नाकापर्यंत पडलीया. तोंडाचा वास नाही, कान झटकत नाही. आणि वाढतंय म्हणाल तर गणपतीनंतर हमखास. आमच्या गल्लीतनं मिरवणुका जातात, डॉल्बीनं खिडक्या हलतात, तो तेवढे दिवस कपाटावरच असतोय, खाली उतरत नाही. मागं घराला रंग काढला तेव्हा पण असंच झालेलं.

पाचगावकर
धागा वाचतोय कारण आमच्या मनीला पण परवापासनं शिंका सुरू झाल्यात. शेजारच्या काकू म्हणाल्या गरम पाण्यात विक्स टाकून वाफ द्या आणि अंग गरम लागलं तर क्रोसिनची पाव गोळी दुधातनं घाला. लहान पोरांना देतोच की आपण. आज रात्री देऊ का?

मेडिकलवाला_दादा
पाचगावकर, देऊ नका!! आधी एवढं वाचा मग बाकीचं. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, आणि ते मांजराला विष आहे. पाव नाही, कणभर पण नाही, सुरक्षित डोस असा नाहीच. माणसाच्या लिव्हरमध्ये ते औषध निकामी करणारी जी यंत्रणा असते ती मांजरात जवळजवळ नसते, त्यामुळे रक्तातलं हिमोग्लोबिन खराब होऊन ऑक्सिजन वाहायचा बंद होतो. काही तासांत हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. पाचशेच्या गोळीतली अर्धी पण मांजराचा जीव घेऊ शकते. कुणाच्या घरी चुकून गेलीच असेल तर वाट बघत बसू नका, त्याच क्षणी डॉक्टर गाठा आणि गोळी कितीची आणि कधी गेली ते सांगा, त्यावर ॲसिटिलसिस्टीन नावाचं औषध आहे पण वेळेत मिळायला पाहिजे.

विक्सचं पण तेच. त्यात कापूर आणि निलगिरी असते, दोन्ही मांजराला नको. साधी वाफ चालते. आंघोळीच्या खोलीत गरम पाण्याची बादली ओतून दार लावायचं आणि मांजराला मांडीवर घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसायचं. उकळत्या पाण्याचं पातेलं मांजरासमोर ठेवून वर टॉवेल टाकायचा प्रकार कुणी करू नका, भाजतं.

दुकानात रोज कुणीतरी मांजरासाठी म्हणून माणसांची सर्दीची गोळी मागायला येतंय, म्हणून एवढं लिहिलं.

पाचगावकर
बरं झालं आधी विचारलं. काकूंना पण सांगतो. मनी खातीय-पितीय, नुसत्या शिंका आहेत, डोळे स्वच्छ आहेत. तर मग काय करू?

शिरवळची_विद्यार्थिनी
नमस्कार, मी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते, घर कसबा बावड्यात. डॉक्टर नाही अजून, त्यामुळे डोस सांगणार नाही, पण काय चाललंय ते सांगू शकते.

पाचगावकर दादा, मनी खात असेल, ताप नसेल आणि नाकातून पाण्यासारखंच येत असेल तर ती बहुतेक आपोआप सावरेल. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने कुत्र्या-मांजरांच्या श्वसनाच्या आजारात अँटिबायोटिक कधी आणि कसं वापरायचं याच्या सूचना काढल्या, त्यात स्पष्ट आहे की मांजर एरवी बरं असेल तर दहा दिवसांपर्यंत अँटिबायोटिकशिवाय लक्ष ठेवायला हरकत नाही. ताप, मरगळ, खाणं बंद आणि त्यासोबत घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड असं असेल तर मात्र औषध, आणि पहिली पसंती डॉक्सिसायक्लीनला. आणि दहा दिवसांपेक्षा जास्त चाललं तर मग नुसते कोर्स बदलत राहायचं नाही, कारण शोधायचं.

आता खंड्याबद्दल. मांजरांच्या सर्दीत बहुतेक वेळा मुळाशी दोन व्हायरस असतात, हर्पिस आणि कॅलिसी. शिवाय क्लॅमिडिया, मायकोप्लाझ्मा, बोर्डेटेला हे बॅक्टेरिया. हर्पिस एकदा झाला की बहुतेक मांजरं आयुष्यभर तो बाळगतात, चेहऱ्याकडच्या नसेच्या गाठीत तो झोपून राहतो. मांजरावर ताण आला, बोर्डिंगला ठेवलं, घर बदललं, पिल्लं झाली, स्टिरॉइड दिलं, की तो जागा होतो, आणि लगेच नाही, साधारण आठवड्याभराने. मग आठवडा-दोन आठवडे व्हायरस बाहेर टाकत राहतो. त्यामुळे तुमची गणपती'नंतर'ची नोंद अगदी बरोबर बसते.

पण रोजची घुरघुर वेगळी. लहानपणी जोराचा हर्पिस झाला की नाकाच्या आतली जी नाजूक, गुंडाळी केलेली हाडं असतात ती खराब होतात, काही जागी विरघळतात. पुराचं पाणी ओसरलं तरी भिंतीची ओल जात नाही तसं. व्हायरस शांत असला तरी त्या खराब झालेल्या जागेत चिकट शेंबूड साचतो आणि नाकातलेच नेहमीचे बॅक्टेरिया त्यात माजतात. अँटिबायोटिक ते कमी करतं म्हणून चार दिवस बरं वाटतं. औषध थांबलं की जागा तीच आणि बॅक्टेरियापण तेच. म्हणून कायमचं बरं होणं अवघड, पण मांजर चांगलं खाऊन-पिऊन म्हातारं होऊ शकतं, हे नक्की.

तुमची भाटी पण कदाचित आतून व्हायरस बाळगतच असेल, तिला लहानपणी जोराचा मार बसला नाही एवढंच. लसीने लागण पूर्ण थांबत नाही, आजार सौम्य होतो.

शुक्रवारपेठकर
इतकं नीट आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. मग कारण शोधायचं म्हणजे काय काय टेस्ट करायच्या? कोल्हापुरात होतील का?

जयसिंगपूरकर_काका
बाळा, मी उत्तर देतो कारण आमच्या सोनीच्या बाबतीत हे सगळं बघितलंय. तिला म्हातारपणी सर्दी सुरू झाली, पण डाव्याच नाकपुडीतून, आणि मधून मधून रक्ताचा थेंब. पहिली काही महिने सर्दीच समजून औषधं चालली. पुढे डाव्या बाजूचं नाक थोडं वर आलेलं दिसायला लागलं आणि पुण्याला सीटी स्कॅन करून तुकडा तपासला तर नाकात लिम्फोमा, म्हणजे कॅन्सर, निघाला. केमो दिली, बरेच महिने ती चांगली राहिली, गेल्या वर्षी गेली. मला सगळ्यांना एवढंच सांगायचंय की एका बाजूचा शेंबूड, रक्त आणि चेहऱ्याचा आकार बदलणं यातलं एक जरी दिसलं तर सर्दी म्हणून बसू नका. तरुण मांजराचं वेगळं असतं आणि आठ-दहा वर्षांनंतर पहिल्यांदाच अशी सर्दी सुरू होणं वेगळं.

राजारामपुरी_माऊघर
काका, सोनीसाठी खूप वाईट वाटलं. आणि हे लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

शुक्रवारपेठकर दादा, सगळ्या टेस्ट एकदम करायच्या नसतात. आधी हातानं आणि डोळ्यानं होणारं: डॉक्टरांना तोंड उघडून दात बघायला सांगा, वरच्या सुळ्याच्या मुळाशी पू झाला तर तो नाकात उतरतो आणि वर्षानुवर्षं सर्दी वाटते. नाकपुडीसमोर काच धरली की दोन्हीकडून हवा येते का ते वाफेवरून कळतं. मग रक्ततपासणी आणि एफआयव्ही-एफईएलव्ही या प्रतिकारशक्ती पाडणाऱ्या दोन व्हायरसची किट टेस्ट, एका थेंबात होते, मांजराची प्रतिकारशक्तीच कमी असेल तर बाकी सगळं त्यापुढे दुय्यम. त्यानंतर भूल देऊन दातांचे आणि डोक्याचे एक्सरे, आणि त्याच भुलेत मऊ टाळू मागे ओढून वर बघायचं, कारण तरुण मांजरांत तिथे पॉलिप, म्हणजे मांसाची साधी गाठ, सापडतो. माझ्याकडच्या एका पिल्लाला रात्रभर घोरायची सवय होती, त्याचा पॉलिप वाटाण्याएवढा, डॉक्टरांनी चिमट्यात धरून ओढून काढला आणि त्या रात्रीपासून आवाज बंद. गवताची काडी पण अडकते तिथे, गवत खाल्लं, ओकारी आली आणि काडी घशाकडून नाकात सरकली, असं होतं. तशी सर्दी अचानक सुरू होते, मांजर सारखं गिळत राहतं.

बुरशी पण लक्षात ठेवा. जुन्या वाड्यांत कबुतरं असतात ना, त्यांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस वाढतो, मांजराच्या नाकाचा बांसा सुजतो, नाकात गाठ दिसते. त्यावर महिनोन्महिने बुरशीचं औषध लागतं, अँटिबायोटिकने ढिम्म होत नाही.

नुसता नाकपुडीतला स्वॅब कल्चरला देण्यात फारसा अर्थ नसतो, कुठल्याही निरोगी मांजराच्या नाकात बॅक्टेरिया सापडतातच. नमुना घ्यायचाच तर भुलेत आतून, नाक धुऊन. एक्सरे-रक्त इथं होतं. सीटी आणि स्कोपसाठी (नाकात दुर्बीण घालून बघायला) पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं, पण तिथपर्यंत जायची वेळ प्रत्येकावर येत नाही.

उद्यमनगर_फौंड्री
माझा पण एक प्रश्न हाय ह्यातच. आमचा बोका शिंकत न्हाई, पण खाली बसून मान लांब करतोय आणि खक् खक् करतोय, वाटतंय केस अडकलाय, पण बाहेर काय पडत न्हाई. रातीला जास्त. आमी केसाच्या गोळ्याचं मलम दिलं, काय फरक न्हाई.

शिरवळची_विद्यार्थिनी
दादा, त्याचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, ते सगळ्यात उपयोगी पडतं, कारण दवाखान्यात मांजर कधीच खोकून दाखवत नाही. तुम्ही वर्णन केलंय ते खोकल्याचं आहे, म्हणजे गडबड नाकात नाही, खाली श्वासनलिकांत. दमा असू शकतो. शुक्रवारपेठकरांच्या आईंनी दमा म्हटलेलं ते खंड्यापेक्षा तुमच्या बोक्याला जास्त लागू दिसतंय. छातीचा एक्सरे काढतात. फुफ्फुसातले जंतपण असाच खोकला देतात, गोगलगायी किंवा त्या खाणारी उंदरं, पाली, पक्षी खाणाऱ्या मांजरांना होतात, तेव्हा शी तपासायला द्या, त्यावर फेनबेंडाझोल चालतं. दमा निघाला तर स्टिरॉइडचा इन्हेलर मास्क लावलेल्या स्पेसरमधून (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) देता येतो, मांजरं शिकतात ते. रोजच्या इन्हेलरचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढा धीर धरायचा. घरात कासव छाप कॉइल, धूप, उदबत्ती, सिगारेट बंद. नाकवाल्यांनाही हे लागू.

आणि सगळ्यांनीच हे शिकून घ्या: मांजर गाढ झोपलेलं असताना छाती एका मिनिटात किती वेळा वर-खाली होते ते मोजायचं. तीसच्या आत असायला पाहिजे. सारखं त्याच्या वर जात असेल तर डॉक्टर. तोंड उघडून श्वास घेतंय, पोट आत-बाहेर ओढतंय, हिरड्या निळसर, तर मग रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघायचं, आणि गाडीत त्याला दाबून धरायचं नाही.

उद्यमनगर_फौंड्री
मोजलं, झोपेत चाळीसच्या वर जायलंय. उद्या सकाळी पहिल्या नंबरला नेतो. कॉइल आजपासनं बंद.

ताराबाईपार्क_मनी
लायसिन कुणी देतं का? आमच्या ग्रुपवर सगळे लायसिनची पेस्ट सुचवतात हर्पिससाठी, मी पण मागवली आहे ऑनलाईन, बऱ्यापैकी महाग आहे.

मेडिकलवाला_दादा
ताई, पेस्ट परत करता आली तर बघा. २०१५ साली त्यावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले आणि निष्कर्ष असा निघाला की मांजरांत लायसिनचा उपयोग नाही, देणं थांबवावं. काही अभ्यासांत तर लायसिन दिलेल्या मांजरांना जास्तच त्रास झालेला. तेच पैसे चांगल्या ओल्या खाण्यावर घाला.

ताराबाईपार्क_मनी
पण आमच्या मांजराला दिल्यावर फरक पडला होता, डोळा आठवड्यात साफ झाला.

शिरवळची_विद्यार्थिनी
ताई, हर्पिसचा भडका तसाही आठवड्या-दोन आठवड्यांत शमतो, त्यामुळे त्या काळात जे दिलं त्याचा गुण आला असं वाटतं. हर्पिसवर खरंच काम करणारं औषध आहे, फॅमसायक्लोविर, माणसांचंच आहे पण मांजरांना चालतं, डोस डॉक्टरच ठरवतील. त्याच्या नावाशी मिळतंजुळतं व्हॅलासायक्लोविर मांजराला जीवघेणं आहे, बोन मॅरो आणि लिव्हर-किडनी जाते, तेव्हा दुकानात "हे नाही ते आहे, एकच आहे" असं कुणी म्हटलं तर घेऊ नका. डोळा बारीक करतंय, पंजाने चोळतंय असं असेल तर घरात पडलेले डोळ्याचे ड्रॉप घालू नका, त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर जखम असेल तर डोळा जाऊ शकतो. आधी डॉक्टर डोळ्यात रंग टाकून जखम आहे का ते बघतात.

मेडिकलवाला_दादा
१००% सहमत, नावाच्या बाबतीत तर विशेष. चिठ्ठी वाचून, स्पेलिंग जुळवूनच द्यायचं आणि घ्यायचं. अजून एक, डॉक्सिसायक्लीनची गोळी किंवा कॅप्सूल मांजराला कोरडी गिळवू नका. ती अन्ननलिकेत चिकटून बसते, आतून भाजते आणि नंतर तिथे नळी आवळते, मग घास खाली जात नाही. गोळी दिली की सिरिंजने पाच-सहा मिली पाणी तोंडाच्या बाजूने हळूहळू सोडा, किंवा लगेच ओलं खाणं द्या. दुधातून मात्र नाही, दुधाने औषध कमी लागू पडतं. आणि एन्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक उरलेलं आहे म्हणून अंदाजाने देणाऱ्यांनी थांबा, डोस वर गेला की मांजराची नजर कायमची जाऊ शकते.

शुक्रवारपेठकर
मंडळी, जाऊन आलो. भूल देऊन सगळं बघितलं. दात चांगले, पॉलिप नाही, काडी नाही, किट टेस्ट दोन्ही निगेटिव्ह, एक्सरेत दोन्ही बाजूला नाकातली हाडं झिजल्यासारखी दिसली. डॉक्टर म्हणाले जुना हर्पिस आणि त्यानं खराब झालेलं नाक. नाक सलाईननं धुऊन काढलं, जे बाहेर आलं ते बघून आई रडायलाच लागली. आता ह्या वेळी लांब कोर्स दिलाय, पण म्हणाले दर शिंकेला औषध नाही, खाणं सुटलं आणि ताप आला तरच. आता ताई घरातलं सगळं सांगा, वही घेऊन बसलोय.

राजारामपुरी_माऊघर
दादा, फार चांगलं केलंत. आता पुढचं काम औषधापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. मी माझ्याकडच्या अशा मांजरांचं कसं करते ते लिहिते.

नेब्युलायझर घ्या, माणसांचा कॉम्प्रेसरवालाच, घरात कुणाचा असेल तर तोच, पण मास्क वेगळा. त्यात फक्त नॉर्मल सलाईन, ०.९ टक्केवालं. मांजराला मास्क लावायची झटापट करायची नाही. कॅरियरमध्ये त्याचं नेहमीचं फडकं घालून बसवायचं, नळी जाळीला लावायची, वरून पातळ टॉवेल, पुढची बाजू थोडी उघडी. दहा-पंधरा मिनिटं, सकाळी आणि रात्री, त्रास वाढला असेल तेव्हा. पहिले दिवस मशीन लांब चालू ठेवून खाऊ द्या, आवाजाची सवय झाली की मग. झाल्यावर लगेच शिंकांची सर येते, ती यायलाच पाहिजे, त्यातच घट्ट शेंबूड सुटतो. तेव्हा जवळ बसा, कोमट पाण्यात बुडवून पिळलेला कापसाचा बोळा नाकपुडीच्या कडेला अर्धा मिनिट धरून ठेवा, खपली मऊ झाली की आपोआप येते. ओढायची नाही, नाकाचं कातडं सोलतं. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नाही. नाक मोकळं करायचे माणसांचे ड्रॉप तुमच्या मनाने घालू नका, साध्या सलाईनचा थेंब चालतो.

खाणं. मांजर वास आल्याशिवाय खात नाही, आणि चोंदलेल्या नाकाला वास येत नाही. मग माणसं म्हणतात नखरे करतंय. नखरे नाहीत. खाणं कोमट करा, आपल्या हाताला उबदार लागेल एवढं, आणि आधी नाक साफ करून मगच ताटली पुढे ठेवा, हा क्रम महत्त्वाचा आहे. उकडलेलं चिकन कुस्करून त्याच्याच पाण्यात, चिलापी उकडून काटे काढून. सुकटीचा वास मांजराला हमखास ओढतो पण मीठ खूप असतं, तेव्हा दोनदा धुऊन, भिजवून, चिमूटभर वर टाकण्यापुरती. आणि कोल्हापुरात हे सांगायलाच हवं: मटणाच्या दिवशी अळणी रस्सा मांजराला "तिखट नाही की" म्हणून देऊ नका. त्यात कांदा, लसूण, आलं असतं, आणि कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मांजरासाठीचे तुकडे आधी नुसत्या पाण्यात वेगळे शिजवून घ्या आणि मग फोडणी करा.

दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर तिसऱ्याची वाट नाही बघायची, विशेषतः जाड मांजरात. उपाशी राहिलं की चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते आणि मग सर्दी राहते बाजूला, जीव वाचवायची वेळ येते. भूक वाढवायचं औषध असतं, डॉक्टर देतात. आठवड्याला एकदा वजन करून वहीत लिहा, ते कमी व्हायला लागलेलं डोळ्याला दिसायच्या आधी काट्यावर दिसतं.

ताण. गणपतीच्या आधीच आतल्या खोलीत, रस्त्यापासून लांब, त्याची जागा तयार ठेवा, कपाटातला खालचा कप्पा रिकामा करून फडकं टाकलं तरी चालतं. शी-शूची माती, पाणी, खाणं तिथेच. भाटीची मातीची पेटी वेगळी, शक्य असेल तर अजून एक जास्तीची. मिरवणुकीतून आलात की गुलालाचे कपडे बाहेरच बदला, ती पूड त्या नाकात गेली की दिवसभर शिंका. जोतिबाला जाऊन आल्यावर पण तेच. मातीत पण धूळ न उडणारी बघा.

फरशी फिनाइलने पुसू नका, डेटॉल नको, मांजर पाय चाटतं आणि ते अंगात जातं. हर्पिस घराबाहेर एक दिवस पण टिकत नाही, पण कॅलिसी महिनाभर राहतो कोरड्या जागेवर, आणि त्याला साधी जंतुनाशकं पुरत नाहीत. लिटरभर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच, दहा मिनिटं ठेवायचं, मग साध्या पाण्याने पुसून वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. ॲसिडमध्ये मिसळायचं नाही.

पाचगावकर
ताई, सगळं सेव्ह केलं. मनीच्या शिंका थांबल्यात, औषध काही लागलं नाही.

उद्यमनगर_फौंड्री
आमच्याला दमाच निघाला. एक्सरेत दिसला. स्पेसर मागवलाय, सध्या गोळ्या चालू हायत. रातीचं खोकणं निम्म्यावर आलंय, मोजलं तर झोपेत सव्वीस-सत्तावीस. ताईंनी मोजायला सांगितलं नसतं तर आमी केसाचा गोळाच म्हणत बसलो असतो.

ताराबाईपार्क_मनी
आमच्या दुसऱ्या मांजराच्या जिभेवर फोड येतात आणि लाळ गळते, शिंका थोड्याच. ते पण हेच का?

शिरवळची_विद्यार्थिनी
जिभेवरचे फोड म्हणजे कॅलिसीकडे जास्त संशय जातो, हर्पिस डोळ्यांना जास्त धरतो. फोड बरे होतात, पण हिरड्या सतत लालभडक, खाताना ओरडतंय, असं पुढे राहिलं तर त्याला नुसती औषधं पुरत नाहीत, बऱ्याच मांजरांना मागचे किंवा सगळे दात काढल्यावरच आराम पडतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण बिनदातांची मांजरं मजेत खातात. डॉक्टरांना तोंड दाखवाच.

शुक्रवारपेठकर
शेवटचा प्रश्न. बहिणीच्या घरी पिल्लं झाल्यात, एक आम्हाला द्यायची म्हणतीय. खंड्या असताना आणू का? तो आता बराच सुधारलाय, सकाळचं नाक धुणं आई करती, आणि नेब्युलायझरचा आवाज आला की स्वतःच कॅरियरमध्ये जाऊन बसतोय.

राजारामपुरी_माऊघर
लगेच नको दादा. खंड्या बरा दिसला तरी व्हायरस टाकत असू शकतो, आणि लहान पिल्लाला तो फार जोरात होतो. शिवाय नवीन पिल्लू घरात येणं हाच खंड्यासाठी ताण, म्हणजे दोघंही आजारी. पिल्लू आईजवळच राहू द्या. सहा-आठ आठवड्यांपासून ट्रायकॅट ही मांजरांची लस सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लसी पूर्ण होऊ देत, शेवटच्या डोसनंतर दोनेक आठवडे थांबा आणि मग आणा. आणल्यावर पण सुरुवातीला वेगळी खोली, वेगळ्या ताटल्या, आधी पिल्लाचं काम करायचं आणि मग खंड्याचं, मध्ये हात धुवून. खंड्याचा भडका चालू असेल त्या आठवड्यात ओळख करून द्यायची नाही. आणि तारीख गणपतीच्या आसपासची धरू नका, दिवाळीचे फटाके पण होऊन जाऊ देत.

शुक्रवारपेठकर
बहिणीला तसंच सांगतो, पिल्लू दिवाळीनंतर. लसीचे पैसे मी देतो म्हणून सांगितलंय तिला.